मदत हवी आहे: पळताना हृदयाचे ठोके मिनिटाला १८१, अ‍ॅपच्या मते जास्तीत जास्त १७१

खाडीकाठ: रत्नागिरीत भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत पळताना घड्याळाने १८१ दाखवलं. रविवारी गटाबरोबर रत्नदुर्ग किल्ल्याचा चढ पळायचाय. पळू की नको? लवकर सांगा.

दीपगृह: वय? काही त्रास झाला का?

खाडीकाठ: वय ४९, अ‍ॅप २२० वजा वय करून १७१ काढतं. त्रास काहीच नाही, मित्राशी बोलत पळत होतो.

कातळसडा: २२० वजा वय हे १९७१ पासून चालत आलेलं सरासरीचं गणित आहे. २००१ मधलं तनाका या संशोधकांचं सूत्र २०८ वजा ०.७ गुणिले वय. त्याने तुमचे १७४ येतात. दोन्हींत माणसागणिक दहा-बारा ठोके सहज इकडेतिकडे होतात. निरोगी माणसाला १८१ अशक्य नाही. बिनधास्त पळा.

माडबन: पळान इलस की गिलासभर सोलकढी पी.

दीपगृह: कातळसडा, बिनधास्त कसं म्हणता? कमाल ठोके पडत असताना कोणाला गप्पा मारता येत नाहीत, धाप लागते. मनगटावरचं घड्याळ कधी कधी नाडीऐवजी पावलं मोजतं, आणि पळताना मिनिटाला १७०-१८० पावलं पडतातच. खाडीकाठ, गोळ्या कसल्या चालू आहेत?

खाडीकाठ: बीपीची, मेटोप्रोलोल. तिचा काय संबंध?

दीपगृह: सगळा संबंध तिचाच! ती ठोके दाबून ठेवते. तिच्यावर असताना दोन्ही सूत्रं लागू होत नाहीत. १८१ खरे असतील तर ठोक्यांची लय तपासायला हवी, खोटे असतील तर घड्याळ. थांबल्या थांबल्या मानेजवळ बोट ठेवून १० सेकंद मोजा, गुणिले ६. आणि गोळी मनाने बंद करू नका.

कातळसडा: गोळीचं आधी सांगायचं ना! माझं वरचं उत्तर मग तुम्हाला लागू नाही. ठोके मोजणारा छातीचा पट्टा घ्या, तो नेमका असतो.

खाडीकाठ: आज थांबल्याबरोबर मोजले. घड्याळ १७४, हाताने २२ गुणिले ६, म्हणजे १३२. मग पळू ना रविवारी?

दीपगृह: दोष घड्याळाचाच दिसतोय. तरी बीपी आहे, पन्नाशी आली आहे, आणि तो चढ दमवणारा आहे. डॉक्टरांना हेच आकडे दाखवा, ट्रेडमिलवरची तपासणी हवी का विचारा. तोवर चढ चालत.

खाडीकाठ: शनिवारची वेळ घेतली. गटाला चालत येतो म्हणून कळवलंय.