स्पीकर शोरूममध्ये ऐकून घ्यावेत का? (सोसायटी ग्रुप, रत्नागिरी)

बी-१०२: मंडळी, बाबांना नाट्यगीतं ऐकायला स्पीकरची जोडी घ्यायची आहे. काल कोल्हापूरला दोन जोड्या ऐकल्या, महागडी लगेच आवडली. पैसे भरू का? सी-३०४ काका, तुम्ही सांगा.

सी-३०४: थांब जरा. दोन्हींचा आवाज सारखा केला होता का? ॲम्प्लिफायरचं बटण तिथेच ठेवलं तरी एक जोडी दुसरीपेक्षा दोन-तीन डेसिबलने मोठी वाजू शकते. किंचित मोठी वाजणारी कानाला भरदार लागते आणि आपण तिलाच चांगली म्हणतो. मोबाईलवर डेसिबल मोजायचं ॲप असतं, ते बसायच्या जागी धरून आधी आवाज सारखे करायचे.

आणि खोलीचं काय? तिथे खाली गालिचा, स्पीकर भिंतीपासून पुढे. आपल्याकडे टाइल्स आणि उघड्या भिंती. हॉलमध्ये एक टाळी वाजवून बघ, कशी झणझणते. १२ फुटांची खोली साधारण ४७ हर्ट्झला, म्हणजे अगदी खर्जातल्या आवाजाला, आणि त्याच्या दुपटीला स्वतःच घुमते. त्यात स्पीकर कोपऱ्यात गेले की डग्गा फुगतो आणि गाण्याचे शब्द बुडतात.

ए-२०१: मग शोरूमला जायचं तरी कशाला?

सी-३०४: नको ते गाळायला, ताई. तिथे कर्कश वाटलेला स्पीकर टाइल्सवर आणखी कर्कश होणार, तो तिथेच सोडायचा. गोड वाटला त्याचं मात्र घरीच कळतं. बाबांना नेलं होतंस का रे?

बी-१०२: नाही काका. घाटातला प्रवास त्यांना झेपत नाही.

सी-३०४: मग त्यांच्या कानांनी ठरू दे. वय झालं की बारीक, उंच स्वर आधी कमी ऐकू येतात. आपल्याला टोचतं ते त्यांना स्वच्छ वाटू शकतं. दुकानदाराकडे डेमोचीच जोडी माग, डिपॉझिट ठेवून, शनिवार-रविवारपुरती. परतीचं लेखी घे.

बी-१०२: फोन केला. नवी फोडून देणार नाही, डेमोची देतो म्हणाला.

सी-३०४: उत्तम. बाबांना त्यांच्या रोजच्या खुर्चीत बसव, गाणीही त्यांचीच लाव. पावसाची उघडीप बघ, खिडकीच्या पत्र्यावर सर आली की काही ठरवता येणार नाही. शोकेसच्या काचा थरथरतात का तेही बघ. दोन्ही जोड्या आण हं, एकच नको.

ए-२०१: आमचे हे येतील उचलायला. शनिवारी किती वाजता पोचताय?