फ्रेल्टीच्या अभ्यासासाठी रक्तातले कोणते मार्कर ठेवावेत?

नमुना_१२०:
सत्तरीपुढच्या १२० जणांत फ्रेल्टीचा (म्हातारपणी शरीराची ताकद आणि राखीव क्षमता घटण्याचा) अभ्यास आखतोय. गट फ्राइडच्या २००१ च्या पाच निकषांवर पाडणार: नकळत घटलेलं वजन, थकवा, कमी हालचाल, मंद चाल, कमजोर पकड. तीन किंवा जास्त असले तर फ्रेल, एक-दोन असले तर प्री-फ्रेल. रक्त सुरुवातीला आणि सहा महिन्यांनी. यादीत आयएल-६ आणि एचएस-सीआरपी (दोन्ही दाह दाखवणारे), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), २५-ओएच व्हिटॅमिन डी, डीएचईए-एस (अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं संप्रेरक) आणि जीडीएफ-१५ (पेशींवर ताण आला की वाढणारं प्रथिन) आहेत. नमुने सकाळी तीन ठिकाणी घेतले जातील आणि दुपारी लॅबमध्ये पोचतील. यातलं काय गाळू? आणि सगळ्यांचा मिळून एक स्कोअर काढला तर चालेल का?

सेंट्रिफ्यूज:
"दुपारी पोचतील" इथेच घोटाळा आहे. आयएल-६ साठी रक्त नळीतच तासन्‌तास पडून राहिलं तर पांढऱ्या पेशी नळीतही आयएल-६ सोडू शकतात, आणि आकडा वाहतुकीचा येतो, माणसाचा नाही. शिवाय तिन्ही ठिकाणांहून यायला वेगवेगळा वेळ लागणार, म्हणजे ठिकाणागणिक फरक दिसेल. जिथे रक्त घ्याल तिथेच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. ईडीटीए नळी (रक्त गोठू न देणारी), घेतल्यापासून तासाभरात १५०० ते २००० जी (गुरुत्वाच्या पटीत) वर १० मिनिटं. वरचा प्लाझ्मा (पेशी खाली बसल्यावर उरलेला द्रव) काढताना पेशींच्या थरापासून चार-पाच मिलिमीटर लांब थांबा, थोडा वाया गेला तरी चालेल. २५० मायक्रोलीटरचे भाग करून उणे ८० ला ठेवा. एक कुपी एकदाच वितळवायची.

दंडाला बांधलेलं टर्निकेट मिनिटाच्या आत सोडा, आणि आधी १५ मिनिटं बसवून ठेवा. चालत आलेल्याचं रक्त लगेच घेतलं तर अल्ब्युमिन उगाच वाढलेलं दिसतं.

एकाच माणसाचे दोन्ही वेळचे नमुने एकाच प्लेटवर (किटमधली, एका वेळी अनेक नमुने तपासायची ताटली) लावा, आणि फ्रेल व धडधाकट प्रत्येक प्लेटवर मिसळून. एका प्लेटवर सगळे फ्रेल, दुसरीवर बाकीचे असं केलंत तर प्लेटमधला फरकच निष्कर्ष म्हणून छापाल. आयएल-६ ला हाय-सेन्सिटिव्हिटी किटच लागेल; या वयात बऱ्याच जणांचा आकडा प्रति मिलीलीटर काही पिकोग्रॅम एवढाच असतो.

पकडमापक:
क्रिएटिनिन गाळू नका, पण एकटंही ठेवू नका, जोडीला सिस्टॅटिन सी (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं, स्नायूंवर फारसं न अवलंबणारं प्रथिन) घ्या. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. स्नायू झिजले की ते कमी येतं आणि मूत्रपिंड ठणठणीत असल्याचा भास होतो. समजा ८२ वर्षांची बाई, वजन ४२ किलो, क्रिएटिनिन ०.६ मिग्रॅ प्रति डेसीलीटर, सिस्टॅटिन सी १.५ मिग्रॅ प्रति लीटर. सीकेडी-ईपीआयच्या क्रिएटिनिन सूत्राने ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) ९० च्या आसपास येतो, सिस्टॅटिनच्या सूत्राने ३९. वजन धरणाऱ्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने ४८. औषधाचा डोस ९० धरून दिला तर काय होईल ते सांगायला नको. क्रिएटिनिन भागिले सिस्टॅटिन, गुणिले शंभर हे गुणोत्तर स्नायूंचा अंदाज देतं. इथे ४० येतं. मात्र सिस्टॅटिनही निर्मळ नाही: स्टेरॉइड, हायपरथायरॉइड, लठ्ठपणा, धूम्रपान आणि दाह यांनी वाढतं. थायरॉइड तपासा, स्टेरॉइडची नोंद ठेवा.

नमुना_१२०:
आणि जीडीएफ-१५? डीएचईए-एस?

आजीचा_टीएसएच:
जीडीएफ-१५ फ्रेल्टीत वाढतं हे खरं, पण मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीनेही चांगलंच वाढतं. मधुमेही गट वेगळा काढला नाहीत तर गोळी मोजाल, फ्रेल्टी नाही. मूत्रपिंड आणि हृदयविकारातही ते चढतं.

डीएचईए-एस वयागणिक इतकं घसरतं आणि लिंगागणिक इतकं बदलतं की एवढ्या माणसांत वयाचा परिणाम आणि फ्रेल्टीचा परिणाम वेगळे काढणं जड जाईल. मी असतो तर तेच आधी गाळलं असतं. ठेवणारच असाल तर बायोटिन (केसांसाठी घेतलं जाणारं जीवनसत्त्व) घेतात का ते विचारा. बायोटिन आणि त्याला चिकटणारं स्ट्रेप्टाव्हिडिन प्रथिन या जोडीवर चालणाऱ्या चाचण्यांत मोठ्या डोसमुळे व्हिटॅमिन डी आणि डीएचईए-एस खोटे जास्त, आणि टीएसएच (थायरॉइडची चाचणी) खोटं कमी येऊ शकतं. दोन-तीन दिवस बंद ठेवायला सांगा. "केसांची गोळी घेता का?" असं विचारा. "बायोटिन" म्हटलं तर बहुतेक जण नाही म्हणतात.

सीआरपी १० मिग्रॅ प्रति लीटरच्या वर आला तर तो नमुना धरू नका, सर्दी-ताप, दातदुखी, नुकती घेतलेली लस विचारून दोन आठवड्यांनी पुन्हा घ्या. अल्ब्युमिनला पोषणाचा मार्कर म्हणू नका. दाह चढला की ते आपोआप उतरतं, म्हणून सीआरपीशेजारी ठेवूनच वाचायचं.

एक स्कोअर? १२० माणसांत आठ मार्कर कोंबून काढलेला स्कोअर त्याच १२० जणांवर छान चालेल आणि दुसऱ्या गटावर कोसळेल. आयएल-६ आणि सिस्टॅटिन-क्रिएटिनिन ही दोन गृहीतकं आधीच लिहून ठेवा, बाकीचे पूरक. आणि टीएसएच, बी-१२, कॅल्शियम, सोडियम यादीत घालाच. स्कोअरसाठी नव्हे, मंद चालणाऱ्या, दमलेल्या माणसात सुधारता येण्यासारखं काही सापडलं तर ते इथेच सापडतं.