क्रिप्टो कराचं गणित मांडणारी साइट रजिस्ट्रारने बंद केली, डोमेन परत कसं मिळवायचं?

लातूरकर_कोड
डोमेन डॉट कॉम आहे. साइट मराठीत, क्रिप्टोवरचा 30 टक्के कर आणि 1 टक्का टीडीएस यांचा हिशोब मांडून देते. वॉलेट (क्रिप्टो ठेवायचं ॲप) जोडायची सोय नाही, कुणाकडून पैसे घेत नाही. कालपासून उघडेना. होस्टिंगवाले म्हणायलेत सर्व्हर चालू आहे. रजिस्ट्रारचा, म्हणजे ज्या कंपनीकडून डोमेन घेतलं तिचा, एका ओळीचा मेल आलाय, 'गैरवापराच्या तक्रारीमुळे निलंबित'. कोणतं पान, कुणाची तक्रार, काहीच नाही. डोमेनवरचा ईमेलही गेला. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवू का?

नांदेड_नेटवर्क
दादा, हलवायची घाई नको. आधी लुकअप डॉट आयकॅन डॉट ऑर्गवर डोमेनचं स्टेटस बघा (आयकॅन म्हणजे डोमेनांचे नियम ठरवणारी जागतिक संस्था). 'क्लायंट होल्ड' असेल तर ते रजिस्ट्रारने लावलंय. 'सर्व्हर होल्ड' म्हणजे रजिस्ट्रीने (डॉट कॉमसारख्या एका शेवटाच्या सगळ्या डोमेनांची मूळ नोंद ठेवणारी संस्था), डॉट कॉमसाठी व्हेरिसाइनने. ते रजिस्ट्रारला स्वतःहून काढता येत नाही. दोन्हीत डोमेन झोनमधून (नावावरून सर्व्हर शोधायच्या मूळ यादीतून) निघतं, म्हणून मेलही बंद पडतो. फायली जागेवर असतात, त्यांचा बॅकअप आजच घ्या.

मग आपल्याच साइटवर संशय घ्या. डोमेनऐवजी सर्व्हरचा आयपी (अंकी पत्ता) टाकून एसएसएचने (दुरून सर्व्हरवर कमांड चालवायची सोय) आत जाता येतं. वर्डप्रेस असेल तर अपलोड्स फोल्डरमध्ये पीएचपी फाइल (सर्व्हरवर चालणारा कोड) शोधा. तिथं सहसा ती असायचं कारण नसतं. 'डब्ल्यूपी कोअर व्हेरिफाय-चेकसम्स' चालवा, पण ते फक्त वर्डप्रेसच्या मूळ फायली बदलल्यात का ते तपासतं. प्लगिनसाठी वेगळी कमांड आहे. कुणी आत शिरून वॉलेटचं खोटं लॉगिन पान ठेवलं असेल तर तक्रार खरी असते, आणि तसं पान असताना 'आम्ही निर्दोष' असं लिहिलं की पुढचा शब्द कुणी ऐकत नाही.

परभणी_डीएनएस
साइट स्वच्छ निघाली तर गूगल सेफ ब्राउझिंग आणि व्हायरसटोटल या धोकादायक साइट ओळखणाऱ्या सेवांवर डोमेन टाका, मेटामास्क या वॉलेटच्या गिटहबवरच्या फिशिंग (खोट्या पानांनी माहिती चोरणाऱ्या साइटच्या) यादीतही बघा. यादीत नाव असेल तर आधी तिथून काढून घ्या. रजिस्ट्रार बऱ्याचदा याच याद्या बघतात.

रजिस्ट्रारला द्यायचा अर्ज छोटा ठेवा: साइट काय करते, वॉलेट जोडणी नाही, सीड फ्रेज (वॉलेट उघडायचे गुप्त शब्द) मागत नाही, तपासणीचे स्क्रीनशॉट. शेवटी एकच मागणी, तक्रारीतली नेमकी लिंक द्या. 5 एप्रिल 2024 पासून आयकॅनच्या करारानुसार रजिस्ट्रारने कारवाई करायची ती फिशिंग, मालवेअर (घातक सॉफ्टवेअर), बॉटनेट (ताब्यात घेतलेल्या संगणकांचं जाळं), फार्मिंग (लोकांना नकळत खोट्या साइटवर वळवणं) आणि यांच्या प्रसारासाठीचा स्पॅम यांवर, तीही कारवाईजोगा पुरावा असेल तेव्हा. मात्र रजिस्ट्रारच्या स्वतःच्या अटी याहून कडक असू शकतात, त्या वाचल्याशिवाय 'करारभंग' हा शब्द वापरू नका. आयकॅनकडे तक्रार करता येते, पण ते प्रक्रिया पाळली का ते बघतात, डोमेन चालू करून देत नाहीत. डॉट इनवाल्यांना तो मार्ग नाही, त्यांची रजिस्ट्री निक्सी.

आणि लातूरकर भाऊ, बंद पडलेला ईमेल बदलायचा म्हणून मालकाच्या नोंदीला हात लावू नका. मालकाचं नाव किंवा ईमेल बदलला की बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हस्तांतराला 60 दिवसांचं कुलूप लागतं. फक्त खात्याच्या लॉगिनचा ईमेल बदला, तोही दुसऱ्या डोमेनवरचा.

लातूरकर_कोड
क्लायंट होल्ड दाखवतंय, सोबत 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड'. अपलोड्समध्ये काही नाही. पण मुख्य पानावर एका एक्सचेंजचा (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या साइटचा) लोगो आणि 'तुमचं खातं जोडा' असं बटण आहे; ते फक्त सीएसव्ही (व्यवहारांच्या तक्त्याची फाइल) चढवायला.

नांदेड_नेटवर्क
मग तक्रार बहुधा त्यावरूनच आली असावी. ब्रँड राखणाऱ्या कंपन्यांचे बॉट लोगो आणि असं बटण एकत्र दिसलं की पान बनावट धरतात. लोगो काढा, बटणावर 'सीएसव्ही फाइल चढवा' लिहा, आधीचा-नंतरचा स्क्रीनशॉट अर्जाला जोडा. एक्सचेंजचं नाव मजकुरात राहू द्या.

ट्रान्सफरचं ते कुलूप नेहमीचंच असतं. काढायला किंवा ऑथ कोड (डोमेन हलवायला लागणारा गुप्त कोड) द्यायला रजिस्ट्रारला 5 दिवस असतात, फसवणुकीचा पुरावा आहे असं म्हणून ते नाकारूही शकतात. म्हणून आधी होल्ड उठवा, मग हलवा. उठल्यावरही काही जणांना साइट दिसणार नाही, कारण रिझॉल्व्हरमध्ये (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरमध्ये) जुनं उत्तर साठलेलं असतं. क्लाउडफ्लेअरचा 1.1.1.1 आणि गूगलचा 8.8.8.8 या दोन्ही रिझॉल्व्हरची कॅशे (साठलेली उत्तरं) पुसायची पानं आहेत, तिथं डोमेन टाका.