पर्यावरणासाठीचा आंतरराष्ट्रीय निधी देशांमध्ये नक्की कशाच्या आधारावर वाटायचा?

कोरडवाहू:
क्लायमेट फायनान्सवर, म्हणजे हवामानबदलाच्या कामांसाठी श्रीमंत देशांकडून गरीब देशांना जाणाऱ्या पैशावर सध्या बरंच वाचतोय आणि जितकं वाचावं तितका गुंता वाढतोय, म्हणून इथे विचारतो. २००९ ला कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी कबूल केलं की २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू. तो आकडा गाठला गेला २०२२ मध्ये, ओईसीडी या (मुख्यतः श्रीमंत) देशांच्या संघटनेच्या हिशेबाने ११५.९ अब्ज. २०२४ ला बाकूच्या परिषदेत ठरलं की २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्जांवर न्यायचं. बातम्यांमध्ये सगळी भांडणं या एकूण रकमेवरच. पण जमलेला पैसा कुठल्या देशाला किती जायचा हे कोण ठरवतं आणि कशावरून?

मला तरी यात सरळ उत्तर दिसत नाही. जिथे जंगल आणि प्राणी जास्त तिथे द्यावा म्हटलं तर मोठे देश घेऊन जातात. जिथे माणसं जास्त भोगतायत तिथे द्यावा म्हटलं तर तिथलं सरकार अनेकदा इतकं खिळखिळं असतं की पैसा वापरलाच जात नाही. आणि जिथे सरकार नीट चालतं तिथे द्यावा म्हटलं तर ज्यांना खरी गरज आहे ते कायमचे मागे. या क्षेत्रात काम केलेलं किंवा अभ्यास केलेलं कोणी असेल तर जरा खोलात जाऊन सांगा, वरवरचं नको.

हिशेबनीस:
एक जागा आहे जिथे हे चक्क फॉर्म्युल्याने ठरतं, त्यामुळे तिथून सुरुवात करू. ग्लोबल एन्व्हायर्नमेंट फॅसिलिटी, म्हणजे जेफ, पर्यावरणाच्या कामांना पैसे देणारा आंतरराष्ट्रीय निधी. १९९१ ला सुरू झाली, दर चार वर्षांनी देणगीदार देश तिच्यात पैसे भरतात, २०२२ च्या फेरीत ५.३३ अब्ज डॉलर कबूल झाले. आधी पैसे प्रोजेक्ट बघून दिले जायचे, मग २००६ पासून देशनिहाय वाटप आलं आणि २०१० पासून त्याची 'स्टार' नावाची पद्धत. हवामान, जैवविविधता आणि जमिनीचा ऱ्हास या विषयांसाठी प्रत्येक देशाला चार वर्षांचा वाटा आधीच सांगितला जातो.

आता फॉर्म्युला. 'स्टार' सुरू झाली तेव्हा त्यात तीन गोष्टींचा गुणाकार होता. पहिली म्हणजे त्या देशात काम केल्याने सगळ्या जगाला किती फायदा होईल, दुसरी त्या देशाचा कारभार आणि आधीच्या प्रोजेक्टांचा अनुभव, आणि तिसरी दरडोई उत्पन्न. प्रत्येकाला एक घातांक दिलाय आणि खरी मेख तिथेच आहे. २०१० च्या फेरीत जागतिक फायद्याचा घातांक होता ०.८, कारभाराचा १, आणि उत्पन्नाचा उणे ०.०४. कॅल्क्युलेटर घेऊन करून बघा. जागतिक फायद्याचा आकडा दहापट असेल तर देशाचे गुण सहापटीहून जास्त होतात. पण एखादा देश दुसऱ्यापेक्षा दहापट गरीब असेल तर त्याचे गुण वाढतात जेमतेम दहा टक्के!! म्हणजे गरिबी फॉर्म्युल्यात आहे पण असून नसल्यासारखी. नंतरच्या फेऱ्यांमध्ये तो घातांक उणे ०.०८ आणि मग उणे ०.१२ केला, पण उणे ०.१२ धरूनही दहापट गरिबीचा फरक साधारण बत्तीस टक्केच पडतो. छोट्या देशांना अगदीच काही मिळू नये असं होऊ नये म्हणून किमान रक्कम ठरवलेली आहे आणि मोठ्यांना वरून कमाल मर्यादा आहे, पण मधल्या सगळ्यांचं नशीब त्या घातांकांवर.

मी याला अन्याय म्हणणार नाही, कारण जेफ बनवलीच जगाच्या सामायिक गोष्टींसाठी. ती 'वाढीव खर्च' देते, म्हणजे देशाने स्वतःच्या फायद्यासाठी जे केलंच असतं त्याच्या वरचा खर्च, जो जगासाठी आहे. त्यामुळे तिथे गरिबीला कमी वजन असणं समजू शकतं. गोंधळ होतो तो तोच पैसा विकासाची मदत म्हणून मोजला जातो तेव्हा.

निळीशाई:
हिशेबनीस यांचं शेवटचं वाक्य हाच माझा मुद्दा आहे आणि मला ते फार पोटतिडकीने वाटतं. दोन वेगळ्या पिशव्या पाहिजेत. एक जगाच्या सामायिक प्रश्नांसाठी, कार्बन, ओझोन, समुद्र, प्रजाती. दुसरी लोकांच्या घरातल्या आणि नळातल्या प्रदूषणासाठी. सगळं 'पर्यावरण' या एकाच नावाखाली आलं की पहिली दुसरीला खाते, कारण देणाऱ्या देशाला पहिलीत स्वतःचाही फायदा असतो, दुसरीत नसतो.

शिसं घ्या. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्रदूषणावर काम करणाऱ्या प्युअर अर्थ या संस्थेच्या अहवालात आलं की जगातल्या साधारण दर तीन मुलांमागे एकाच्या, म्हणजे ८० कोटींपर्यंत मुलांच्या रक्तात डेसीलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं आहे. मेंदूवर परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. चुलीच्या धुराचं तेच, दोनशे कोटींहून जास्त माणसं अजून लाकूड, शेण, कोळसा, रॉकेलवर स्वयंपाक करतात आणि डब्ल्यूएचओच्या अंदाजाने २०२० मध्ये घरातल्या धुराने ३२ लाख माणसं गेली. यातलं काहीही 'जागतिक फायदा' या रकान्यात नीट बसत नाही, धुरातला थोडा कार्बन सोडला तर.

आणि हे स्वस्तात सुटतं हो! बांगलादेशात हळद पिवळीधमक दिसावी म्हणून त्यात लेड क्रोमेट मिसळायचे, शिशाचं रंगद्रव्य. गर्भवती बायकांच्या रक्तात शिसं का सापडतंय हे शोधता शोधता संशोधक हळदीपर्यंत पोचले. २०१९ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जाहीर नोटिसा लावल्या, घाऊक बाजारात हातातल्या एक्स-रे यंत्राने जागच्या जागी हळद तपासली, दोषी व्यापाऱ्यांना सगळ्यांसमोर दंड केला. २०१९ ला बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांमध्ये शिसं होतं, २०२१ ला शून्य. ना धरण बांधलं ना पवनचक्क्या उभ्या केल्या, काही माणसं, एक यंत्र आणि ऐकणारं सरकार. अशा कामांना देशोदेशी पैसा मिळावा यासाठी कुठला फॉर्म्युला आहे? २०२४ मध्ये शिशाविरुद्ध एक आंतरराष्ट्रीय भागीदारी झाली तेव्हा सुरुवातीची रक्कम होती १५ कोटी डॉलर, ही मूळ प्रश्नातल्या अब्जांशेजारी ठेवून बघा.

रानवाट:
मी निधीचे प्रस्ताव लिहायला मदत करण्याचं काम केलंय त्यामुळे फॉर्म्युल्यापेक्षा वेगळी बाजू सांगते. ग्रीन क्लायमेट फंडात, म्हणजे हवामानबदलाच्या कामांसाठीच्या आंतरराष्ट्रीय फंडात, देशनिहाय कोटा नाहीच. तत्त्व छान आहे, निम्मा पैसा उत्सर्जन कमी करायला, निम्मा बदलत्या हवामानाशी जुळवून घ्यायला, आणि त्या दुसऱ्या निम्म्यातला किमान अर्धा अतिगरीब देश, छोटी बेटं आणि आफ्रिकेला. बोर्डावर विकसित आणि विकसनशील देशांच्या बारा-बारा जागा. पण त्याच्या आत पैसा ज्याचा प्रस्ताव तयार त्याला, आणि प्रस्ताव कोणाचा तयार असतो हे मी जवळून पाहिलंय.

प्रस्तावात सिद्ध करावं लागतं की हा दुष्काळ किंवा पूर हवामानबदलामुळे वाढतोय, नुसता नेहमीचा गरिबीचा प्रश्न नाही. त्यासाठी पावसाची बऱ्याच वर्षांची नोंद लागते. आम्ही ज्या देशासाठी काम करत होतो तिथे यादवी होऊन गेलेली. हवामान केंद्रांच्या रजिस्टरमध्ये त्या वर्षांची पानं कोरी, काही केंद्रांवर पर्जन्यमापकच चोरीला गेलेला, नंतर कोणी पुन्हा बसवलाच नाही. म्हणजे ज्या देशाची अवस्था सगळ्यात वाईट त्याच्याकडेच वाईट अवस्थेचा पुरावा नाही. उपग्रहाच्या आकड्यांवर काम भागवलं तर तपासणारे विचारणार की जमिनीवरच्या नोंदीशी पडताळा कुठाय, आणि मग महिनोन् महिने प्रश्नोत्तरं. त्याच काळात ज्या देशांकडे मंत्रालयात स्वतंत्र टीम आहे त्यांचे दोन-दोन प्रस्ताव पुढे जातात. शिवाय फंडाकडून मान्यता असलेल्या संस्थेमार्फतच अर्ज करता येतो, ती मान्यता मिळवायलाच वर्षं जातात, म्हणून बहुतेक पैसा मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांमार्फत जातो आणि त्या संस्था जिथे ऑफिस आहे, रस्ता आहे, बँक आहे तिथे जास्त काम करतात.

त्यामुळे निकष काय असावा याच्याही आधी अर्ज कोण करू शकतं हे बघा. लिहिलेल्या निकषाइतकंच वाटप तिथे ठरतं.

कोरडवाहू:
खूप आभार सगळ्यांचे, रानवाट यांचं वाचून अंगावर काटा आला. मग सरळ गरिबी आणि नुकसान हाच निकष का ठेवू नये? जितका जास्त त्रास तितका जास्त पैसा. अर्ज नको, फॉर्म्युला नको.

तिरपीरेघ:
इथे सावध राहा. पैसा कशावर मिळतो ते कळलं की लोक तेच जास्त बनवतात. क्योटो हवामान कराराच्या क्लीन डेव्हलपमेंट मेकॅनिझममध्ये हेच झालं, त्यात विकसनशील देशात उत्सर्जन कमी केलं की विकता येणारी क्रेडिट मिळायची. एसीमध्ये वापरायचा एक वायू, एचसीएफसी-२२, बनवताना एचएफसी-२३ नावाचा वायू आपोआप कचरा म्हणून तयार होतो. तो जाळायला खर्च अगदी थोडा, पण तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा ११,७०० पट तापवणारा धरलेला, म्हणून एक टन जाळला की ११,७०० क्रेडिट. काही कारखान्यांना मूळ मालापेक्षा कचरा जाळण्यातच जास्त कमाई व्हायला लागली, आणि काहींनी क्रेडिट मिळतंय तोवर कचरा जास्त निघू दिला. शेवटी २०१३ पासून युरोपने आपल्या बाजारात ही क्रेडिट बंद केली. यात पैसा चुकीच्या देशात गेला हे नंतरचं, आधी तो चुकीच्या मोजमापावर गेला.

आणि उलटी बाजूही आहे. इक्वाडोरने २००७ ला सांगितलं की यासुनीच्या जंगलाखालचं तेल आम्ही काढत नाही, जगाने त्याच्या निम्मी किंमत द्या, ३.६ अब्ज डॉलर. हातात पडले सुमारे १.३ कोटी. २०१३ ला सरकारने हात टेकले आणि २०१६ ला तेल काढायला घेतलं. शेवटी २०२३ च्या सार्वमतात तिथल्याच लोकांनी साधारण ५९ टक्के मतांनी ते थांबवायचं ठरवलं. म्हणजे 'जागतिक फायदा' हा निकष तोंडाने सगळ्यांना मान्य, पण बिल आलं की कोणी पुढे येत नाही.

जमलेलं उदाहरण म्हणाल तर ओझोन वाचवण्यासाठीच्या कराराचा, मॉन्ट्रिअल प्रोटोकॉलचा फंड. १९९१ पासून चालू आहे, समितीत सात देणारे आणि सात घेणारे देश, आणि पैसा कशाला हे स्पष्ट, अमुक कारखान्याचं यंत्र बदलायला इतके, पर्यायी वायू वापरायला इतके. कुठल्या देशाला किती यावर फार डोकेफोड करावीच लागली नाही कारण खर्च मोजता येत होता. जुळवून घेण्याच्या कामाचा खर्च असा मोजता येत नाही, तिथेच सगळं अडतं.

निळीशाई:
तिरपीरेघ, मोजमापाचं पटलं, पण मग निदान जे मोजतो ते तरी खरं मोजा. त्या ११५.९ अब्जांपैकी जुळवून घेण्यासाठी होते ३२.४ अब्ज, आणि सरकारी पैशातला जवळपास ६९ टक्के भाग कर्ज. कर्जाची पूर्ण रक्कम मोजली जाते, परत फेडायची असली तरी. ज्या देशाला कर्ज झेपतं त्याला जास्त मिळतं आणि ज्याला झेपत नाही तो यादीत खाली जातो, किंवा घेतो आणि पुरात वाहून गेलेल्या पुलाचं व्याज भरत बसतो. माझ्या मते जुळवून घेण्याच्या कामाला आणि शिसं-धूर-पाण्याला अनुदानच पाहिजे, आणि कर्ज फक्त जिथून उत्पन्न येणार आहे तिथे, सोलर वगैरे.

रानवाट:
कोरडवाहू, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर देते. अर्ज नको हे अर्धं बरोबर आहे. पैशाचा एक भाग लोकसंख्या, गरिबी आणि धोका बघून प्रत्येक गरीब देशाच्या नावावर आधीच ठेवा, चार-पाच वर्षांसाठी, म्हणजे त्यांना रांगेत धावावं लागणार नाही. कारभार वाईट असेल तर रक्कम कमी करू नका, मार्ग बदला, सरकारऐवजी स्थानिक संस्था किंवा नगरपालिकांमार्फत द्या, कारण वाईट सरकारची शिक्षा तिथल्या शेतकऱ्याला कशाला? जंगल-कार्बनसाठी वेगळा फंड असू दे, तिथे जागतिक फायद्याचाच निकष लावा, माझी हरकत नाही.

आणि त्या कोऱ्या पानांवर उपाय सुरू झालाय हेही सांगायचं होतं. २०२१ ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत सॉफ नावाचा फंड जाहीर झाला, जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास आणि पर्यावरण संस्था (यूएनडीपी आणि यूएनईपी) मिळून. तो हवामान केंद्रं उभारायला अनुदान देतो आणि नुसतं यंत्र बसवून निघून जात नाही, केंद्र चालू राहून नोंदी आंतरराष्ट्रीय यंत्रणेत पोचत राहतील तोवर चालवण्याचा खर्चही देतो. रक्कम बाकीच्या फंडांपुढे छोटी आहे. पण मला विचाराल तर सगळ्यात आधी तिथे पैसे टाकावेत, नाहीतर पुढच्या दहा वर्षांतही त्याच देशांचे प्रस्ताव त्याच कारणाने परत येतील.