एडिटरमध्ये विम मोड: सोय की हौस?

कोथरूडची_बस
दोन महिने व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये विमचं एक्स्टेन्शन वापरतोय. विम म्हणजे माउसऐवजी कीबोर्डच्या कळांनीच चालवायचा जुना एडिटर. हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये लॅपटॉप मांडीवर, माउसला जागा नाही, आणि चांदणी चौकाच्या वळणावर ट्रॅकपॅडवरचं बोट हमखास घसरतं. तिथून सुरुवात झाली. आता ऑफिसातही माउस पडून असतो. अवतरणचिन्हांतला मजकूर बदलायचा तर सी, आय आणि अवतरणचिन्ह दाबायचं. आतलं सगळं साफ. पुढच्या ओळीत तोच बदल हवा? नुसता टिंब. माझं मत: नव्या पोरांनी पहिल्या दिवसापासून हेच शिकावं.

दुपारी_बंद
पहिल्या दिवसापासून? आधी कोड तर लिहू द्या! परवा शेजारच्याच्या विमवाल्या मशीनवर 'यूजर' टाइप करायला गेलो. यूने त्याचा आधीचा बदल मागे फिरवला, एसने एक अक्षर खाल्लं, आणि स्क्रीनवर उरलं 'ईआर'. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. शिवाय दिवसभरात आपण टाइप करतो किती? निम्मा वेळ दुसऱ्याचा कोड वाचण्यात जातो.

कोथरूडची_बस
अहो, म्हणूनच तर! वाचताना फाइलभर फिरायचंच असतं, आणि नॉर्मल मोडमध्ये कळा अक्षरं उमटवत नाहीत, आज्ञा देतात, म्हणून अख्खा कीबोर्ड फिरण्यासाठी मोकळा असतो. लिहायचं तेव्हा आय दाबून इन्सर्ट मोड, परत नॉर्मलला यायला एस्केप. 'यूजर'चं म्हणाल, तर खाली पट्टीत मोड लिहिलेला असतो, तो बघायचा.

जुना_टर्मिनलवाला
थोडा इतिहास. बिल जॉयने १९७६ च्या सुमारास व्हीआय, म्हणजे विमचा पूर्वज, लिहिला तो एडीएम-३ए टर्मिनलवर. त्यावर बाण एच, जे, के, एल याच बटणांवर छापलेले होते, म्हणून विममध्ये आजही त्यांनीच फिरतात, आणि एस्केप होतं आजच्या टॅबच्या जागी. आता ते पार कोपऱ्यात गेलंय, म्हणून करंगळी दुखते. कॅप्स लॉकला एस्केप करा, नाहीतर इन्सर्ट मोडमध्ये जे-के लागोपाठ दाबलं की एस्केप, असं सेट करा. बरेच जण जे-जे ठेवतात. मग रोमनमध्ये 'लज्जा' लिहिताना मधेच बाहेर फेकले जाता. आणि कंट्रोल-एफने शोध उघडायच्या ऐवजी पान खाली सरकलं तर घाबरू नका, सेटिंगमध्ये तेवढी एक कळ विमकडून काढून घेता येते.

कमेंट_मराठीत
माझं गाऱ्हाणं वेगळंच आहे. मी कमेंट मराठीत लिहिते, इनस्क्रिप्टवर. एस्केप दाबलं तरी कीबोर्ड मराठीच राहतो. मग जे दाबलं की जातो 'र', के दाबलं की 'क', आणि ओळ उडवायला डी-डी दाबावं तर दोन हलन्त! कर्सर जागचा हलत नाही. दर वेळी आधी इंग्रजी करा, मग फिरा. माउसने यापेक्षा लवकर होतं.

जुना_टर्मिनलवाला
ताई, मूळ विममध्ये यासाठी लँगमॅप आहे, म्हणजे मराठी अक्षर आलं तरी त्या कळेची आज्ञाच चालवणारं सेटिंग. व्हीएस कोडच्या एक्स्टेन्शनमध्ये मोड बदलला की इनपुट भाषाही बदलेल असं सेटिंग आहे, फक्त भाषा बदलणारा छोटा प्रोग्रॅम वेगळा टाकावा लागतो.

दुपारी_बंद
म्हणजे माउस वाचवायला एक्स्टेन्शन, एक्स्टेन्शन चालावं म्हणून सेटिंग, सेटिंग चालावं म्हणून प्रोग्रॅम. चालू द्या!

कमेंट_मराठीत
काका, टाकला तो प्रोग्रॅम. एस्केपवर इंग्रजी होतंय. आयवर परत मराठी झालं, तेही बरोबर. पण मला त्या वेळी कोड लिहायचा होता.