प्रतिसाद: जुनापाणीची शिळावर्तुळे

मूळ लेखात म्हटलं आहे की शिळावर्तुळं, म्हणजे मोठे धोंडे गोलाकार मांडून केलेल्या प्राचीन रचना, या वेधशाळाच. इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या शिळावर्तुळाचा अक्ष वर्षातल्या सर्वात मोठ्या दिवसाच्या (21 जूनच्या सुमाराच्या) सूर्योदयाकडे रोखलेला आहे, हे खरंच. पण तो नियम सगळीकडे लावू नये असं मला कळकळीने वाटतं. नागपूरजवळच्या जुनापाणीचंच बघा. तिथे सुमारे 300 वर्तुळं आहेत, लोहयुगातली, म्हणजे स्टोनहेंजपेक्षा कितीतरी अलीकडची.

जुनापाणीत स्टोनहेंजसारखे उभे खांब नाहीत, आडव्या तुळया नाहीत. मोठमोठे धोंडे कडेने गोलाकार मांडलेले, आत माती-दगडगोट्यांची भर, आणि खाली दफन: हाडं, मातीची भांडी, लोखंडी अवजारं. जवळच्या माहुरझरीत तर माणसांसोबत घोडेही पुरलेले सापडले. म्हणजे दगडांची ही रांग मुळात मृतांची हद्द आखते.

आकाशाचा धागा शोधायचाच तर काही धोंड्यांवर कोरलेले वाटीसारखे खळगे पाहावेत. ते ओळीने कोरलेले आहेत, आणि वर्तुळाच्या केंद्रापासून ते कोणत्या दिशेला येतात, हे अभ्यासकांनी मोजलं आहे. म्हणून धोंडे हलवणं फार घातक. एक जरी जागचा सरकला, तरी ती दिशा कायमची गेली.