छोट्या व्यावसायिकाने संकेतस्थळाच्या देखभालीसाठी दरवर्षी पैसे मोजावेत का?

खतावणी :
छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिणे हा माझा व्यवसाय आहे. मार्चअखेरीस येणाऱ्या बिलांच्या चळतीत एक बिल हमखास सापडते : वर ‘वेबसाइट एएमसी’ (देखभालीचा वार्षिक करार), खाली रक्कम, तिच्यावर 18 टक्के जीएसटी आणि कामाचा तपशील म्हणून ‘वार्षिक देखभाल’ एवढे दोनच शब्द. वर्षभरात नेमके काय केले, असे विचारले तर मिठाईवाल्याला सांगता येत नाही, फर्निचरवाल्याला येत नाही आणि बिल पाठवणाऱ्यालाही चटकन सांगता येत नाही. एसीची एएमसी घेतली तर निदान माणूस येऊन जाळी धुऊन जातो. ज्यांनी कंपोझिशन योजना (छोट्या व्यापाऱ्यांसाठी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची सोय) स्वीकारली आहे त्यांना तर त्या जीएसटीचे क्रेडिट, म्हणजे वजावटही मिळत नाही, म्हणजे सगळी रक्कम खिशातूनच जाते.

माझे मत असे की, पत्ता, वेळा, चार छायाचित्रे आणि फोन नंबर एवढेच ज्यावर आहे, त्या संकेतस्थळासाठी डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) आणि होस्टिंग (ते ठेवण्याची सर्व्हरवरची जागा) यांचे शुल्क भरावे आणि तिथेच थांबावे. गिऱ्हाईक गूगल मॅपवरून येते आणि व्हॉट्सॲपवर ऑर्डर देते. बिघाड झालाच तर त्या वेळी माणूस बोलवावा व तेवढ्या कामाचे पैसे द्यावेत.

सर्व्हरखोली :
असहमत. ‘बिघाड झाला तर’ या शब्दांत मालकाला बिघाड कळेल, असे आपण गृहीत धरले आहे. संकेतस्थळात घुसखोरी झाली की ते बंद पडते, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात घुसणाऱ्याचा फायदा ते चालू राहण्यात असतो. मालक पत्ता टाइप करून पाहतो तेव्हा त्याला नेहमीचे मुखपृष्ठ दिसते, पण गूगलच्या निकालांत त्याच दुकानाच्या नावाखाली जपानी लिपीतली, नकली मालाची जाहिरात करणारी शेकडो पाने आलेली असतात. हा प्रकार इतका नेहमीचा आहे की गूगलने त्याच्या सफाईसाठी वेगळी मार्गदर्शिका दिलेली आहे. मिठाईवाल्याशी कोणाचे वैर नसते, हे खरे. पण हल्ला करणारा प्रोग्राम दुकान पाहत नाही, तो जुनी आवृत्ती शोधत फिरतो. सप्टेंबर 2020 मध्ये वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवण्याच्या प्रणालीच्या ‘फाइल मॅनेजर’ या प्लगइनमध्ये (जोड-प्रोग्राममध्ये) असे भोक सापडले की लॉगइन न करताही कोणालाही सर्व्हरवर फाइल चढवता येत होती, आणि ते प्लगइन सात लाखांहून अधिक संकेतस्थळांवर बसवलेले होते.

कोणी हात लावला नाही तरी बिघाड होतो, तो वेगळाच. वर्डप्रेस ज्या पीएचपी भाषेवर चालते तिच्या 7.4 आवृत्तीचा आधार, म्हणजे सुरक्षा-दुरुस्त्या, नोव्हेंबर 2022 मध्ये संपला. होस्टिंग कंपनी कधी ना कधी जुनी आवृत्ती काढून टाकते आणि त्या काळात बांधलेले संकेतस्थळ एके सकाळी कोरे पान दाखवू लागते.

साधेपान :
मीही सर्व्हरखोलींसारखेच संकेतस्थळे बनवण्याचे व सांभाळण्याचे काम करतो, तरी वरच्या प्रतिसादाशी माझे पटत नाही. आपण दिलेल्याच उदाहरणात दुरुस्तीची आवृत्ती निघाली तेव्हा हल्ले आधीच सुरू झाले होते. म्हणजे एएमसी असलेला आणि नसलेला, दोघेही त्या दिवशी सारखेच उघड्यावर होते. आणि मुळात मिठाईच्या दुकानाच्या पाच पानांसाठी डेटाबेस, लॉगइन आणि वीस प्लगइने हवीत कशाला? साधी एचटीएमएलची (सर्व्हरवर प्रोग्राम न चालवता जशीच्या तशी दिसणारी) पाने ठेवली तर पीएचपी कोणती, हा प्रश्नच उरत नाही. आधी अवजड यंत्रणा गळ्यात बांधायची आणि मग ती वाहण्याची मजुरी दरवर्षी घ्यायची, हा आमच्या धंद्यातला जुना रिवाज आहे.

ज्यांना वर्डप्रेस हवेच आहे त्यांच्यासाठीही, किरकोळ सुरक्षा-दुरुस्त्या 2013 च्या 3.7 आवृत्तीपासून आपोआप बसतात आणि प्लगइनांची स्वयंचलित अद्यतने 2020 च्या 5.5 आवृत्तीपासून एका टिचकीत सुरू करता येतात. संकेतस्थळाची जोडणी सुरक्षित ठेवणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्राचे वेगळे बिल लावणाऱ्यांचे दिवस तर भरतच आले आहेत, कारण प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी होत मार्च 2029 पासून 47 दिवसांवर येणार असल्याचे ठरले आहे. हाताने नूतनीकरण करणे कोणालाही परवडणार नाही, ते यंत्रावरच सोपवावे लागेल.

किनाऱ्यावरची यजमानीण :
आमचे तारकर्लीला होमस्टे आहे. आपण दोघेही यंत्रणेविषयी बोलत आहात; माझे नुकसान यंत्रणा व्यवस्थित चालू असताना झाले. आमच्या संकेतस्थळावरचा चौकशीचा फॉर्म भरला की ‘धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क साधू’ असे झळकत होते, आणि मेल मात्र आम्हाला येत नव्हती. पुण्याच्या एका कुटुंबाने फोन करून ‘तुम्ही उत्तरच देत नाही’ असे सुनावले तेव्हा शोध सुरू झाला. फॉर्म बनवणाऱ्याने पाठवणाऱ्याच्या जागी पाहुण्याचाच ईमेल पत्ता घातला होता, म्हणजे पाहुण्याच्या नावाने आमचा सर्व्हर मेल पाठवत होता. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने पाठवणाऱ्याच्या ओळखीचे नियम कडक केले, तेव्हा अशा मेल अडणार हे उघडच होते. दिवाळी ते मे एवढाच आमचा हंगाम. त्यातल्या किती चौकश्या वाहून गेल्या, हे आता कळणे शक्य नाही.

दुसरी गोष्ट दरांची. गेल्या वर्षीचा दर संकेतस्थळावर तसाच राहिला, तर पाहुणा दारात उभा राहून मोबाईल पुढे करतो आणि तिथे वाद घालण्यात अर्थ नसतो. ही कामे एएमसीत येतात का, असे आमच्या माणसाला विचारले, तर ‘कंटेंटचे वेगळे पडेल’ असे उत्तर मिळाले.

खतावणी :
ताई, आपला अनुभव माझ्याच बाजूने बोलतो. एएमसी चालू होती आणि फॉर्म मुका होता. महिन्यातून एकदा स्वतःच फॉर्म भरून पाहायला कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

सर्व्हरखोली :
पैसे लागत नाहीत, पण ऐन हंगामात ते कोणी करतही नाही. आणि यजमानीणबाईंना एक विचारायचे आहे : पाहुण्यांच्या ओळखपत्रांचे फोटो आपण त्याच फॉर्मवरून घेता का? घेत असाल, तर ते पुष्कळदा संकेतस्थळाच्या अपलोडच्या फोल्डरमध्ये साठत जातात आणि दुवा माहीत असलेला कोणीही ते उघडू शकतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

खतावणी :
नेमका हाच सूर मला खटकतो. 250 कोटी ही कमाल मर्यादा आहे. चार खोल्यांच्या होमस्टेपुढे तो आकडा उभा करणे म्हणजे भीती विकणे झाले. ‘ते फोटो काढून टाका’ एवढे सांगितले असते तरी पुरे होते.

साधेपान :
दंडाच्या आकड्याबाबत खतावणींशी सहमत, फोटोंबाबत सर्व्हरखोलींशी. मात्र गूगल मॅप आणि व्हॉट्सॲपवर खतावणींनी टाकलेला भार मला पेलणारा वाटत नाही. बिझनेस प्रोफाइलवरून, म्हणजे गूगल मॅपवरच्या दुकानाच्या नोंदीवरून, फुकट बनणारी संकेतस्थळे गूगलने मार्च 2024 मध्ये बंद केली, आणि ज्यांनी तोच पत्ता पाट्यांवर नि पिशव्यांवर छापला होता त्यांना तो बदलावा लागला. स्वतःचे डोमेन हवेच, आणि ते स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या फोन नंबरवर नोंदवलेले हवे. डोमेन बनवणाऱ्याच्या खात्यावर असेल आणि त्याने धंदा बदलला, तर नूतनीकरणाची सूचना त्यालाच जात राहते. डॉट कॉमची मुदत संपल्यावर काही दिवसांची सवलत मिळते, मग 30 दिवस जादा शुल्क भरून ते सोडवता येते, त्यानंतर ते कोणीही घेऊ शकतो.

खतावणी :
हे मान्य. माझ्या पक्षकारांची डोमेने कोणाच्या नावावर आहेत, हे या महिन्यात विचारून घेतो. सर्व्हरखोली, आपणास एकच विचारतो : बिलावर ‘वार्षिक देखभाल’ ऐवजी काय लिहिलेत तर मी ते मुकाट्याने मंजूर करावे?

सर्व्हरखोली :
कोणत्या तारखेला कोणती आवृत्ती बसवली. बॅकअप होस्टिंगच्या बाहेर कुठे ठेवला आणि तो शेवटचा कधी पुन्हा उतरवून पाहिला. फॉर्मची चाचणी कधी केली आणि मेल कोणाच्या हाती पडली. एवढे जो लिहीत नाही, त्याचे बिल आपण खुशाल परत पाठवा. पाच साध्या पानांच्या दुकानाला मीही एएमसी सुचवणार नाही. पण जिथे ऑनलाइन आरक्षण किंवा पैसे घेतले जातात, तिथे बिघाड होण्याची वाट पाहा, असे मी कधीच म्हणणार नाही.

किनाऱ्यावरची यजमानीण :
ओळखपत्रांचे फोटो त्याच फॉर्मवरून येत होते. आज काढायला सांगितले, तर ‘हे एएमसीत बसत नाही’ असे कळवण्यात आले आहे.